त्रेचाळीस जणांचं एकच रसग्रहण

विद्यापीठानं बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला 'कॅनडातील कथासाहित्य' असा पेपर लावला, तेव्हा वडवणीच्या कॉलेजात त्याची दखल फक्त दोघांनी घेतली. एक भागवत सर, कारण तो त्यांना शिकवायचा होता. दुसरा शिपाई मुंजाजी, कारण वेळापत्रकाच्या फळ्यावर तो त्याला खडूनं लिहावा लागला. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरून त्यानं फळ्याकडं बघितलं.

"सर, तिकडं ऊस असतो का?"

"नाही. बर्फ असतो."

"मग लोक तोडत्यात काय?"

"लाकडं," भागवत सर म्हणाले. मुंजाजीचं समाधान झालं.

भागवत सर तासिका तत्त्वावर होते. हे त्यांचं अकरावं वर्ष. म्हणजे दर जूनला ते नव्यानं नेमले जात आणि दर एप्रिलला नव्यानं नाहीसे होत. कायम नेमणुकीची ऑर्डर टाईप होऊन तीन वर्षं झाली होती. तिच्यावर सही तेवढी राहिली होती. सही करायची होती संस्थेचे अध्यक्ष राधाकिशन नानांना, आणि नानांची सही लागते अशा गोष्टी तालुक्यात इतक्या होत्या, की पेन एकच असल्यावर उशीर होणार, हे सरांची बायको वनमाला सोडून सगळ्यांना पटत होतं.

पुस्तकाची एक प्रत आली. तिच्या झेरॉक्स निघाल्या. पहिल्या सहा कथा वर्गानं सोसल्या. एका कथेत एक बाई सतरा पानं खिडकीतून बाहेर बघते आणि शेवटी पडदा लावून घेते. सरांनी ती जीव ओतून शिकवली. वर्गाला आवडली नाही. त्यात ज्याला त्याला स्वतःची खोली होती आणि तरी सगळे दुःखी होते, हे कुणाच्या गळी उतरेना.

सातवी कथा तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका बाईनं लिहिलेली होती. ती शिकवायला घेतली तेव्हा डिसेंबर लागला होता, आणि वर्गात पोरं स्वेटर घालून बसली होती.

कथा साधी होती. जंगलाकाठच्या वस्तीवरून पाद्री लोक एका लहान मुलीला उचलतात आणि लांबच्या निवासी शाळेत नेऊन ठेवतात. तिचे केस कापतात, तिची भाषा बंद करतात. त्याआधी आजीनं तिला एक गोष्ट सांगितलेली असते, एका माणसाची. दुष्काळी हिवाळ्यात तो खाऊ नये ते खातो, माणूस खातो, आणि त्याच्या काळजाचा बर्फ होतो. पुढं त्याची भूक काही भागत नाही. जितकं खाईल तितकाच तो वाढतो, म्हणून पोट कायम रिकामं ते रिकामंच. दुसरं काही मिळालं नाही तेव्हा त्यानं स्वतःचे ओठ खाल्ले. आजी बजावते, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, आणि ही गोष्ट बर्फ पडलेला असतानाच सांगायची. शाळेत पहिल्या दिवशी मुलगी मोठ्या पाद्र्यासमोर उभी राहते आणि त्याच्या ओठांकडं बघते. कथा तिथं संपते.

"म्हणजे ओठ व्हते का नव्हते?" मागच्या बाकावरून बजरंगनं विचारलं.

"लेखिकेनं सांगितलेलं नाही."

"सर, आमच्याकडं बी दिवसाढवळ्या गोष्ट सांगत न्हाईत. मामा वाट चुकतो."

वर्ग हसला. बजरंगचा मामा ऊसतोड टोळ्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. त्याच आठवड्यात मामा पंढरपूरकडं निघाला आणि ट्रॉली, बायामाणसं, भांडीकुंडी यांच्यासकट थेट विजापूरच्या हद्दीत निघाला. दोन दिवस फोन लागला नाही. माणसं सुखरूप होती, पण त्यानंतर बजरंग सातव्या कथेच्या तासाला कडेच्या बाकावर, दारापाशी बसायला लागला.

हसली नव्हती ती फक्त शिवकन्या. दिंद्रुडकडची पोरगी. आईबाप ऊसतोडीला जात, आणि ही तिसरीपासून संस्थेच्या वसतिगृहात. तिनं पेन वर केलं.

"सर, तो आलाय हे वस्तीला कळतं कसं?"

सरांनी पान उलटलं. "थंडी वाढते, असं लिहिलंय. घरांना बाहेरून कड्या लागलेल्या दिसतात. माणसं कमी होत जातात."

"हं," म्हणून तिनं ते वहीत उतरवून घेतलं. सर वाचता वाचता थांबले. खिडकीतून समोरची वस्ती दिसत होती. दसऱ्यापासून तिथल्या घरांना बाहेरून कड्या होत्या. सर घाईनं लेखिकेच्या शैलीवर आले.

अंतर्गत मूल्यमापनाला प्रश्न होता: सातव्या कथेचं रसग्रहण करा. इथं सरांनी दोन चुका केल्या. मराठीत लिहिलं तरी चालेल, असं सांगितलं, आणि उत्तराला स्थानिक उदाहरण जोडायला सांगितलं. कॉलेजची रीत त्यांना अकरा वर्षं ठाऊक होती. वर्गात एक जण लिहितो आणि बाकीचे उतरवून घेतात. त्याला कुणी कॉपी म्हणत नसे. एकीनं पाणी शेंदलं तर बाकीच्यांनी पुन्हा कशाला विहीर खणायची, असा सरळ हिशोब होता. या वर्गाची विहीर शिवकन्या होती.

तिनं लिहिलं होतं:

"आमच्याकडे बर्फ पडत नाही. पण तो येतो. दसरा झाला की येतो. माझी आजी सांगते, आधी तो सायकलवर यायचा आणि एका वस्तीतली दहा माणसं खायचा. खाल्ली तेवढा तो उंच झाला. सायकल पुरेना म्हणून जीप आली. मग त्याने गावे खाल्ली. तरी पोरं मागे उरली, तेव्हा पोरांसाठी त्याने वसतिगृह बांधले. मी तिसरीत असताना त्याच्या पोटात गेले. पोटात साबण, खोबरेल तेल आणि भात मिळतो. पोटाला एक खिडकी आहे. तिच्यातून ट्रॉल्या दिसतात. त्यातल्या एकीत माझी आई असते. कोणत्या, ते कळत नाही, म्हणून मी सगळ्यांना हात करते. कथेतल्या मुलीने पाद्र्याच्या ओठांकडे पाहिले. आमच्याकडे तो गॅदरिंगला बक्षिसे वाटतो. मीही पाहिले."

सरांनी हे वाचलं, उठून स्टाफरूमचं दार लावलं आणि पुन्हा वाचलं. यात कुणाचंही नाव नव्हतं, आणि तालुक्यातलं शेंबडं पोरही नाव सांगू शकलं असतं. नाना मुकादम होते तेव्हा सायकलवर फिरून टोळ्या जमवत, हे त्यांच्या गौरवग्रंथातच छापलेलं होतं. हिवाळ्यात नानांचे ओठ फुटत आणि भाषण चालू असताना ते दातांनी त्याची सालपटं काढत, हे व्यासपीठाजवळ बसणाऱ्या प्रत्येकानं पाहिलं होतं.

सरांनी दुसरा कागद उचलला. त्यावर हेच होतं. तिसऱ्यावरही हेच. त्रेचाळीस कागदांवर तीच आजी, तीच सायकल, तीच ट्रॉली. बजरंगनंही 'मी पोटात गेले' असंच लिहिलं होतं, एका मात्रेचाही फेरफार न करता. आणि नानांचा सख्खा पुतण्या गहिनीनाथ, ज्यानं वसतिगृह फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेलं होतं, तोही खिडकीतून आईला हात करत होता.

एकाच मजकुराला वेगवेगळे गुण देण्यात सरांचा हात बसलेला होता. शिवकन्येला अठरा, गहिनीनाथला चौदा, बाकीच्यांना त्यांच्या अक्षराप्रमाणे. मग त्यांनी गठ्ठा कपाटात तळाशी घातला आणि कपाटाला कुलूप लावलं.

कुलपाची दुसरी किल्ली प्राचार्यांकडं होती. प्राचार्य हे नानांचे जावई. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार होती आणि 'विद्यार्थ्यांचं स्वतंत्र लेखन' या रकान्यात दाखवायला कॉलेजकडं काही नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं, स्वच्छ अक्षराचे तीन कागद निवडले, न वाचता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातले आणि सासऱ्यांना कौतुकानं दाखवायला नेले.

नानांनी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. आयुष्यात एवढं साहित्य त्यांनी सलग कधी वाचलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. प्राचार्यांचा चेहरा ओल्या भिंतीसारखा झाला होता.

"नानांनी विचारलंय, हे पहिल्यांदा कुणी लिहिलं?"

"सगळ्यांचं सारखंच आहे, सर."

"तेच ते." प्राचार्यांनी फोल्डरमधले तीन कागद सरांना परत दिले. "उद्या अकराला सगळे कागद घेऊन तुम्ही नानांच्या ऑफिसला जायचं. तुम्ही एकटे. आणि भागवत सर," प्राचार्यांनी आवाज बारीक केला, "तुमची ऑर्डर बी टेबलावर काढून ठेवलीय. नुसतं नाव सांगायचंय."

"नाव कळल्यावर काय करणार?"

"काय करायचंय? वसतिगृहातून घरी पाठवायचं. घरी पाठवणं काय शिक्षा हाय का?"

घरी कोणी नव्हतं. शिवकन्येचं घर दिंद्रुडला कुलूपबंद होतं आणि आईबाप तिकडं उसाच्या फडात. पोरगी वसतिगृहातून निघाली, की आधी फडात जाणार. तिथं मुकादम तिच्या बापाला सांगणार, हिचं लगीन उरकून टाक. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि लग्न झालं की टोळीत एक कोयता वाढतो. पुढच्या दसऱ्याला ती ट्रॉलीत असेल. तिला हात करायला खिडकीत कुणी नसेल.

सर स्टाफरूममध्ये आले आणि गठ्ठा पुढं घेऊन बसले. नाव सांगायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्याबद्दल त्यांना स्वतःचं बरं वाटलं. ते बरं वाटणं चार मिनिटं टिकलं. पाचव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं, की नाव सांगायची गरजच नव्हती. बेचाळीस कागद स्वच्छ होते. एकाच कागदावर खाडाखोड होती. 'शंभर' खोडून 'दहा माणसं', 'गिळली' खोडून 'खाल्ली', 'राक्षस' तीनदा लिहून तीनदा खोडलेलं आणि वर नुसतं 'तो'. उतरवून घेणारा कशाला खोडेल? ज्यानं विचार केला त्याचाच कागद घाण झालेला होता. आणि नानांनी चाळीस वर्षं मुकादमांच्या हजेऱ्या तपासल्या होत्या. खरी वही कुठली आणि मागाहून उतरवलेली कुठली, हे ते लांबून ओळखत.

त्यांनी मुंजाजीला पाठवून शिवकन्येला बोलावलं. ती आली आणि दाराशी उभी राहिली. सरांनी सगळं सांगितलं.

"तेव्हा हा कागद फाडून टाक आणि इथंच स्वच्छ प्रत करून दे," सर म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे."

तिनं कागद हातात घेतला. आपल्याच अक्षराकडं बघितलं.

"मग मूळ कुणाचं ऱ्हाईल, सर?"

"कुणाचंच नाही. तेच तर पाहिजे."

"नानांना कुणीतरी लागंलच की. माझं न्हाई घावलं तर दुसऱ्या कुणाचं घेतील. बजरंगचं घेतील. त्याचा मामा त्यांच्याच ट्रॅक्टरवर हाय."

कॅनडाच्या कथांवर सरांकडं चाळीस पानांच्या नोट्स होत्या. त्यांच्यात हा प्रश्न नव्हता.

"गठ्ठा द्या सगळा. पाचच्या आत आणून देते."

"काय करणार आहेस?"

"तुमाला म्हायती नसलेलं बरं."

हे वाक्य सरांना फार आवडलं. अकरा वर्षं ते याच तत्त्वावर नोकरी करत होते. त्यांनी गठ्ठा दिला. खिडकीतून त्यांना दिसलं, की ती ग्रंथालयात गेली, मग एक एक करत वर्ग आत गेला, आणि शेवटी गहिनीनाथची मोटरसायकल येऊन उभी राहिली. तेव्हा सरांनी खिडकी लावून घेतली.

पाचला पाच कमी असताना गठ्ठा परत आला, सुतळीनं आडवा-उभा बांधून. सरांनी गाठ सोडली नाही. घरी वनमालानं विचारलं, यात काय हाय? ते म्हणाले, रसग्रहण. ती म्हणाली, मग कावून एवढे घाबरलाव?

बुधवारी अकरा वाजता ते बीड रोडवरच्या ऑफिसात गेले. बाहेर सात-आठ रिकाम्या ट्रॉल्या उभ्या होत्या. आत नाना एकटेच होते. काटकुळा माणूस, पांढरे स्वच्छ कपडे. टेबलावर एका बाजूला सोललेल्या काकड्यांची ताटली, दुसऱ्या बाजूला एक पिवळी फाईल. साखरेचा आजार झाल्यापासून नाना जेवत कमी आणि खात सारखे.

"या सर. बसा. काकडी घ्या."

"नको, नाना."

"घ्या वो. आमी खातो आन् तुमी नुसतं बघता, बरं दिसतं का ते?"

सरांनी काकडीची एक फोड घेतली आणि हातात धरून ठेवली. नानांनी सुतळी कात्रीनं कापली. पानं वाचण्यासाठी त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. त्यांना शब्द बघायचे नव्हतेच. अंगठा ओला करून ते कागद सरकवायला लागले. एक. दोन. तिसऱ्यावर अंगठा थांबला. मग चौथा, पाचवा. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला.

टेबलाच्या पलीकडूनही सरांना दिसत होतं. प्रत्येक कागदावर खाडाखोड होती. आणि ती वरवर नव्हती. कुणी सायकल खोडून वर 'बैलगाडी' केली होती. कुणी आई खोडून 'मोठी बहीण, ती परत आली नाही' असं लिहिलं होतं. बजरंगनं पोटातली खिडकी अख्खी काट मारून समासात लिहिलं होतं, 'मामाने फोन केला तेव्हा तो रडत होता, पण ट्रॅक्टर बंद करायचा हुकूम नव्हता.' एकमेकांवरून उतरवून घेतल्यासारखे दोन कागदही उरले नव्हते. अकरा वर्षांत सरांना जे एका वर्गाकडून एकदाही करून घेता आलं नव्हतं, ते काल दुपारी ग्रंथालयात तीन तासांत झालं होतं. प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं होतं.

नाना एकतिसाव्या कागदावर आले आणि तिथंच राहिले. तो गहिनीनाथचा होता. मूळ मजकूर त्यानं पार खोडला होता. खाली दोनच ओळी होत्या. नानांनी त्या मोठ्यानं वाचल्या, शाळेत वाचतात तशा, सावकाश.

"'मी पोटात नाही. मी त्याच्या घरात राहतो. ओठ मी रोज पाहतो.'"

बाहेर एक ट्रॅक्टर सुरू झाला, बराच वेळ घरघरला आणि बंद पडला. नानांनी उरलेले बारा कागद वाचले नाहीत. चष्मा काढून ताटलीशेजारी ठेवला.

"सगळ्यांनीच विचार केलाय म्हणायचा."

नानांनी गठ्ठा बाजूला सारला.

"तुमी शिकवलं हे?"

"मी कथा शिकवली, नाना. अभ्यासक्रमात आहे."

"त्या गोष्टीत शेवटी त्याचं काय व्हतं? मारत्यात का त्याला?"

"ते लिहिलेलं नाही. आजी एवढंच सांगते, की तो आधी माणूसच होता."

नानांनी मान हलवली. मग पिवळी फाईल पुढं ओढली. वर सरांची ऑर्डर होती. त्यावर त्यांनी स्वतःचं पेन ठेवलं. खणातून एक कोरा कागद काढला, तो सरांपुढं सरकवला आणि पेन पुन्हा उचलून त्या कागदावर ठेवलं.

"त्रेचाळीस जणांनी लिवलं. एक जण ऱ्हायलाय. तुमी बी लिवा, सर. रसग्रहण लिवा, न्हाईतर पहिल्या माणसाचं नाव लिवा. नाव एका शब्दात व्हतं. सही मग मी लगेच करतो. मुंजाजीला कळवलंय, तुमचे आजचे तास व्हणार न्हाईत म्हणून."

मुंजाजीला कधी कळवलं, हे विचारण्याचा धीर सरांना झाला नाही. कोणीतरी बाहेरून ऑफिसचं दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. खोलीत खरोखरच थंडी होती.

सरांनी हातातली काकडीची फोड परत ताटलीत ठेवली. पेन घेतलं. परीक्षेला बसलेल्या पोराप्रमाणे कागदाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी आधी नाव लिहिलं. भागवत. त्याच्या खाली हजेरी क्रमांक लिहायची जागा असते. तिथं ते थांबले. समोर नाना खालच्या ओठाचं सालपट दातांत धरून बसले होते आणि सरांच्या हाताकडं बघत होते.

सरांनी लिहिलं, चव्वेचाळीस.

मग पहिली ओळ लिहिली. 'आमच्याकडे तो दर जूनला येतो.' वाचली. अख्खी खोडली आणि वर लिहिलं, 'मीच दर जूनला त्याच्याकडे जातो.'

नानांनी सालपट ओढलं. ओठावर रक्ताचा बारीक ठिपका आला. तो त्यांनी जिभेनं टिपून घेतला आणि खुर्चीत मागं रेलले.

"लिवा," ते म्हणाले. "घाई न्हाई. हंगाम लई मोठा हाय."